जहाजाला भोक पडलं, आता कोण धावणार? स्पेसशिप गेममधलं नुकसान आणि क्रूची कामं कशी डिझाइन करतात



गेल्या दिवाळीत आम्ही चौघं भावंडं मेहकरच्या घरी ओसरीवर बसलो होतो. चार मोबाइल, एक हॉटस्पॉट आणि मी बनवलेला स्पेसशिप गेम. एक जहाज, चार खेळाडू. एकाने चालवायचं, एकाने गोळ्या मारायच्या, एकाने इंजिन बघायचं, एकाने दुरुस्ती करायची. जहाजाला एकच हेल्थ बार होता, १०० पॉइंटचा. दगड लागला की १० कमी, दुरुस्ती केली की ५ जास्त.

तिसऱ्याच मिनिटाला माझ्या मावसबहिणीने मोबाइल गादीवर ठेवला. म्हणाली, "दादा, मला तर काहीच काम नाही यात. तू सांगतोस तेव्हा बटण दाबायचं, एवढंच. त्यापेक्षा मी फराळाचं बघते."

मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर ती बरोबर होती. गेम चौघांचा दिसत होता, खेळत मात्र मी एकटाच होतो. बाकी तिघं माझी बोटं झाली होती.

त्यानंतरचे काही महिने मी दोनच प्रश्नांवर घालवले. जहाजाचं नुकसान कसं दाखवायचं? आणि क्रूमधल्या प्रत्येकाला खरं काम कसं द्यायचं? शिकता शिकता लक्षात आलं की हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. नुकसान जसं डिझाइन कराल, तशीच कामं तयार होतात. हेच आज सोप्या भाषेत समजून घेऊ.

हेल्थ बारमध्ये गडबड काय आहे?

हेल्थ बार म्हणजे फक्त एक आकडा. १०० चा ७० झाला तर जहाजात काय बदललं? काहीच नाही. इंजिन तेवढंच पळतं, दिवे तसेच लागतात. आकडा शून्यावर आला की मात्र जहाज एकदम फुटतं. म्हणजे ९९ पॉइंट जाईपर्यंत काही घडत नाही आणि शेवटच्या पॉइंटला सगळं संपतं.

एकट्याने खेळायच्या गेममध्ये हे चालून जातं. क्रूच्या गेममध्ये चालत नाही, कारण आकड्याला जागा नसते. "आपले ३० पॉइंट गेले" असं कोणी ओरडलं तर कोण कुठे धावणार? पण "मागच्या खोलीत आग लागली" असं ओरडलं की लगेच प्रश्न पडतो: मागच्या खोलीजवळ कोण आहे? दार कोण लावणार? तिथे कोणती मशीन आहे?

पहिला नियम इथेच सापडला: नुकसानाला जागा द्या.

आधी कळू द्या, लागतंय काय?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात यासाठी पुस्तक उघडायची गरज नाही. लोणारला जाऊन उभं राहायचं. अंतराळातून आलेल्या दगडाने बेसाल्टच्या कठीण खडकात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडला, त्यातच आजचं सरोवर आहे. शाळेच्या सहलीत सगळ्यांना एकच प्रश्न पडतो: दगड किती मोठा असेल? खड्ड्याच्या मानाने तो खूपच लहान होता. करामत आकाराची नव्हती, वेगाची होती.

गतिज ऊर्जेचं सूत्र नववीत शिकलोय: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. वेगाचा वर्ग, हे महत्त्वाचं. एक हिशोब करून बघा. एक ग्रॅमचा खडा सेकंदाला १० किलोमीटर वेगाने आला तर त्याची ऊर्जा होते ५०,००० जूल. आता बाइक आणि स्वार मिळून २०० किलो धरा, वेग ताशी ८० किलोमीटर. ऊर्जा येते जवळपास तेवढीच, ४९,००० जूलच्या आसपास. म्हणजे मेहकर-लोणार रस्त्यावर ऐंशीने येणारी बाइक भिंतीला धडकावी, तसा हा एक ग्रॅमचा खडा. फरक एवढाच की सगळा मार एका टिकलीएवढ्या जागेवर.

खऱ्या अंतराळयानांना यासाठी 'व्हिपल शील्ड' लावतात. फ्रेड व्हिपल या खगोलशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात ही कल्पना मांडली. जाड भिंतीऐवजी बाहेर एक पातळ पत्रा, मग मोकळी जागा आणि आत खरी भिंत. खडा पातळ पत्र्यावर आपटला की त्याचाच चुरा होतो आणि तो चुरा आतल्या भिंतीवर पसरून लागतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर अशीच शील्ड आहेत.

गेमला यातून छान गोष्ट मिळते. कवच म्हणजे दुसरा हेल्थ बार नाही. कवच लहान खडे पूर्ण खातं, मोठ्या दगडाचा मार पसरवतं आणि जिथे एकदा फाटलं तिथे पुढचा खडा थेट आत घुसतो. आता रडारवर बसणाऱ्याला काम मिळालं: फाटलेली बाजू कोणती ते लक्षात ठेवायचं. चालकालाही मिळालं: ती बाजू दगडांपासून फिरवून ठेवायची.

जहाज म्हणजे खोल्या

जहाजाचे कप्पे पाडण्याची युक्ती समुद्रातल्या जहाजांची. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिकला १६ जलरोधक कप्पे होते. पुढचे चार कप्पे भरले तरी जहाज तरंगेल असा हिशोब होता. हिमनगाने त्याहून जास्त कप्पे फोडले. शिवाय कप्प्यांमधल्या भिंती पुरेशा उंच नव्हत्या, त्यामुळे जहाज पुढे झुकलं तसं पाणी एका भिंतीवरून पुढच्या कप्प्यात सांडत गेलं. 'भोक किती मोठं' यापेक्षा 'ते किती कप्प्यांत गेलं' हा प्रश्न मोठा ठरला.

गेममध्ये ही कल्पना उत्तम वापरलीय ती 'एफटीएल: फास्टर दॅन लाइट' या गेमने. जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांनी तो बनवला, २०१२ मध्ये आला. जहाज वरून दिसतं, खोल्या दिसतात. शस्त्रांच्या खोलीला मार बसला की शस्त्रं बंद. ऑक्सिजनच्या खोलीला बसला की हळूहळू सगळ्यांचा श्वास कोंडतो. आणि आग लागली तर बाहेरची दारं उघडून हवाच घालवून टाकायची, म्हणजे आग विझते. अर्थात तिथला माणूस आधी बाहेर काढायचा.

मी माझ्या जहाजात सहा खोल्या केल्या. सुरुवातीला नावं होती 'रिअॅक्टर', 'लाइफ सपोर्ट', 'अपर सेन्सर डेक' वगैरे. गडबडीत ही नावं कोणाच्या तोंडात बसेनात. माझा धाकटा भाऊ "अरे ते... ते वरचं!" म्हणेपर्यंत वरचं जळून जायचं. शेवटी घरातलीच नावं दिली:

- ओसरी: पुढची खोली, चालकाची जागा
- माजघर: मधली खोली, इथून सगळी दारं चालतात
- चूल: वीज बनवणारी खोली
- न्हाणी: ऑक्सिजन
- गच्ची: रडार
- परस: मागचं इंजिन

"परसात आग!" म्हटलं की आता कोणीही नकाशा बघत नाही. गंमत म्हणून केलेला बदल होता, पण गेम त्यानेच सर्वांत जास्त सुधारला. ओरडून सांगायच्या गोष्टीचं नाव लहान आणि ओळखीचं हवं.

आत नेमकं चालतं काय?

प्रत्येक खोलीसाठी मोबाइल चारच गोष्टी लक्षात ठेवतो: हवा किती (० ते १००), आग किती, भोक किती मोठं आणि मशीन किती शाबूत. दर सेकंदाला या चार आकड्यांवर काही साधे नियम चालतात.

१. एका भोकातून सेकंदाला ४ हवा जाते.
२. दोन खोल्यांमधलं दार उघडं असेल तर हवेतल्या फरकाचा पाव भाग जास्तीकडून कमीकडे सरकतो.
३. आग हवा खाते आणि मशीन जाळते.
४. हवा २० च्या खाली गेली की आग आपोआप विझते.
५. हवा १० च्या खाली गेली की तिथल्या माणसाचा जीव कमी होऊ लागतो.

आता परसाला एक भोक पडलं असं धरा. परस आणि न्हाणी दोन्हीकडे हवा १००, मधलं दार उघडं. पहिल्या सेकंदाला परसातून ४ हवा गेली, राहिली ९६. फरक ४, त्याचा पाव भाग १. न्हाणीतून १ हवा परसात आली: परस ९७, न्हाणी ९९. दुसऱ्या सेकंदाला परस ९३, फरक ६, पाव भाग दीड. परस साडेचौऱ्याण्णव, न्हाणी साडेसत्त्याण्णव.

दार बंद केलं तर परस २५ सेकंदांत रिकामा होतो, पण न्हाणी शाबूत राहते. दार उघडं ठेवलं तर परसातल्या माणसाला जवळपास दुप्पट वेळ मिळतो, पण दोन्ही खोल्या जातात. मी कुठेही 'इथे अवघड निर्णय आहे' असा कोड लिहिलेला नाही. दोन साध्या नियमांतून तो निर्णय आपोआप उभा राहिला. गेम डिझाइनमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

खऱ्या यानात लहान भोकातून हवा इतक्या लवकर जात नाही, हेही सांगतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये अंतराळ स्थानकाला जोडलेल्या सोयूझ यानात सुमारे २ मिलिमीटरचं भोक सापडलं. हवेचा दाब हळूहळू कमी होत होता, अंतराळवीरांनी शांतपणे शोध घेतला आणि इपॉक्सी लावून ते बुजवलं. पाच मिनिटांच्या मिशनमध्ये एवढा निवांतपणा परवडत नाही, म्हणून मी वेळ आवळली. कारण आणि परिणाम खरे ठेवायचे, घड्याळ मात्र पळवायचं.

एक उपाय, दुसरं संकट

नुकसान रंगतदार कधी होतं? एक गोष्ट वाचवायला गेलं की दुसरी हातची जाते, तेव्हा.

१९४२ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बंदरात नॉर्मंडी नावाच्या प्रचंड प्रवासी जहाजाला आग लागली. विझवण्यासाठी पाण्याचा मारा केला. आग आटोक्यात आली, पण ते पाणी जहाजातच साठलं आणि रात्री जहाज कुशीवर पडलं. जहाजात मोकळं साठलेलं पाणी फार वाईट. परातीत पाणी घेऊन चालून बघा. जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात आणखी कलते.

अंतराळातलं उदाहरण १९९७ चं आहे. २५ जून रोजी रशियाच्या मीर स्थानकावर सामान आणणारं प्रोग्रेस यान जोडणीचा सराव चालू असताना येऊन धडकलं. स्पेक्त्र नावाच्या कप्प्याला भोक पडलं. आत तिघं होते: वसिली त्सिब्लियेव, अलेक्झांडर लाझुत्किन आणि अमेरिकेचे मायकल फोल. कप्प्याचं दार लावायचं तर दारातून केबल गेलेल्या. त्यांनी त्या घाईघाईने सोडवल्या, काही कापल्या आणि तोंड बंद केलं. हवा वाचली. पण त्याच केबलमधून स्पेक्त्रच्या सोलर पॅनलची वीज येत होती, त्यामुळे स्थानकाची बरीच वीज गेली. स्थानक गरगरत होतं आणि अंधारात होतं. जीव वाचवायला वीज द्यावी लागली.

माझ्या गेममध्ये हे विजेच्या वाटपातून येतं. चूल एकूण ८ युनिट वीज देते. मागणी अशी: परसाचं इंजिन ३, कवच ३, न्हाणी २, गच्ची १, दारं १. बेरीज १०. म्हणजे सगळं ठीक असतानाही दोन युनिट कमीच! शेतात मोटर लावली की घरातला पंखा मंदावतो, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. काय बंद ठेवायचं हा प्रश्न पहिल्या सेकंदापासून आहे. चुलीला मार बसून ८ चे ५ झाले की भांडण सुरू.

लोणावळ्यात हेच खरं शिकवतात

शोधता शोधता कळलं की जहाजाचं नुकसान आणि क्रूची कामं हा विषय आपल्या महाराष्ट्रातच शिकवला जातो, आणि तिथे तो खेळ नाही. लोणावळ्याला भारतीय नौदलाची आयएनएस शिवाजी ही संस्था आहे. १९४५ पासून तिथे नौदलाच्या अभियांत्रिकीचं प्रशिक्षण चालतं. तिथल्याच एनबीसीडी स्कूलमध्ये 'डॅमेज कंट्रोल' शिकवतात, म्हणजे आग, पाणी आणि तुटफूट यांच्याशी लढणं. गोवा शिपयार्डने नौदलासाठी खास डॅमेज कंट्रोल सिम्युलेटर बनवले आहेत. जहाजाचे कप्पे तयार करून त्यात खरंखुरं पाणी घुसवतात, ते हलवतात, आणि नौसैनिक त्या पाण्यात उभं राहून भोकं बुजवण्याचा सराव करतात. लाकडी पाचरी आणि खुंट्या ठोकणं, वाकलेल्या भिंतीला टेकू देणं, अशी कामं. लाकूड पाण्यात फुगतं आणि भोकात घट्ट बसतं, म्हणून आजच्या युद्धनौकेवरही लाकडी खुंटी असतेच.

हा सराव का लागतो? २०२४ च्या जुलैत मुंबईच्या नौदल गोदीत आयएनएस ब्रह्मपुत्र या युद्धनौकेला आग लागली. आग आटोक्यात आणल्यावर दुसऱ्या दिवशी जहाज एका बाजूला कललं. त्या घटनेत एका नौसैनिकाचा जीव गेला. असं वाचलं की आपल्या गेममधल्या 'क्रू मेंबर लॉस्ट' या ओळीकडे वेगळ्या नजरेने बघावंसं वाटतं. मी ती ओळ बदलली. आता माणूस गेला की त्याचं नाव येतं आणि दोन सेकंद गेमचा आवाज बंद होतो. स्कोअर कमी होत नाही. स्कोअरची गरजही वाटली नाही.

डॅमेज कंट्रोलमधून मी तीन कामं उचलली: बघणारा, ठरवणारा आणि करणारा. कुठे काय झालं हे कळवणं, आधी काय हातात घ्यायचं ते ठरवणं आणि प्रत्यक्ष जाऊन बुजवणं. एकाच माणसाने तिन्ही केली तर बाकीचे रिकामे राहतात. माझ्या पहिल्या गेममध्ये नेमकं हेच झालं होतं.

क्रूला काम कसं द्यायचं?

यात दोन आजार नेहमी दिसतात. पहिला, कोणीतरी रिकामं बसतं. दुसरा, कोणीतरी 'दादा' होतो आणि सगळ्यांना हुकूम सोडतो. माझ्या घरी दुसरा आजार मीच होतो. यावर गेम बनवणाऱ्यांनी शोधलेले काही उपाय बघा.

माहिती वाटून टाका. हेन्री स्मिथ यांचा 'स्पेसटीम' हा २०१२ चा मोबाइल गेम यासाठी प्रसिद्ध आहे. तुमच्या स्क्रीनवर सूचना येते, पण ते बटण दुसऱ्याच कोणाच्या मोबाइलवर असतं. सगळे एकमेकांवर ओरडत सुटतात. ज्याला सगळं दिसतं तो दादा होतो. कोणालाच सगळं दिसत नसेल तर दादागिरी चालत नाही.

कामं जास्त, हात कमी ठेवा. 'लव्हर्स इन अ डेंजरस स्पेसटाइम' या २०१५ च्या गेममध्ये जहाजावर तोफा, कवच, इंजिन, नकाशा अशा जागा भरपूर, माणसं थोडी. सतत पळापळ, त्यामुळे रिकामं कोणीच नसतं.

काही कामं दोघांचीच ठेवा. 'अमंग अस' तुम्ही खेळलाच असाल. २०१८ मध्ये आला, २०२० च्या लॉकडाउनमध्ये घराघरांत पोचला. त्यात रिअॅक्टर बिघडवला की दोन वेगळ्या ठिकाणी दोघांनी एकाच वेळी हात ठेवावा लागतो. एकटा कितीही हुशार असला तरी त्याला दोन जागी उभं राहता येत नाही.

कॅप्टनचं काय? 'आर्टेमिस' हा २०१० चा कॉम्प्युटरवरचा गेम आहे. त्यात चालक, शस्त्रं, इंजिनियरिंग, विज्ञान, संपर्क अशा वेगळ्या खुर्च्या असतात, पण कॅप्टनसमोर कॉम्प्युटरच नसतो. तो फक्त विचारतो आणि सांगतो. मोठ्या स्क्रीनसमोर सहा जण बसले की हे भारी वाटतं. चार मोबाइलवर बटणाशिवाय बसलेला कॅप्टन दोन मिनिटांत रील्स बघायला लागतो, हे मी करून पाहिलंय.

सगळं जोडून माझ्या चार खुर्च्या अशा झाल्या:

- चालकाला फक्त समोरचा रस्ता दिसतो. कोणती बाजू फाटलीय ते त्याला दिसत नाही.
- गच्चीवाल्याला येणारे दगड आणि ते कोणत्या खोलीवर पडणार ते दिसतं. पण त्याला जहाज वळवता येत नाही.
- चूलवाल्याच्या हातात वीज आणि दारं. खोल्यांत आग आहे की नाही हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं.
- डागडुजीवाला जिथे उभा आहे तीच खोली त्याला दिसते. आग विझवणं, भोक बुजवणं त्याचंच काम.

मोठ्या दुरुस्तीला मात्र दुसरा माणूस लागतो. एकट्याला २० सेकंद, दोघांना १२. दोघांना १० का नाही? कारण मग जोडीने जाणंच प्रत्येक वेळी फायद्याचं झालं असतं. १२ केल्यावर प्रश्न उरतो: आठ सेकंद वाचवायला मी माझी खुर्ची सोडू का?

पडणाऱ्याला उठायची जागा द्या

हे सगळं जमल्यावर नवीन अडचण आली. चुलीला मार बसला की वीज कमी, वीज कमी की कवच बंद, कवच बंद की आणखी मार. पहिला फटका चुलीला बसला की गेम तिथेच संपलेला असायचा, आम्ही नुसतं मरायची वाट बघत असू. एक कर्ज फेडायला दुसरं काढल्यासारखं. डिझाइनमध्ये या फेऱ्यातून बाहेर यायची वाट मुद्दाम ठेवावी लागते.

मी तीन गोष्टी केल्या. एक, चूल बंद पडली की बॅटरी २० सेकंद २ युनिट देते, म्हणजे न्हाणी तरी चालते. दोन, मोठा फटका बसल्यावर आठ सेकंद नवीन फटका नाही. तेवढ्यात बोलायला आणि ठरवायला वेळ मिळतो. तीन, दुरुस्तीचे दोन प्रकार: ठिगळ आणि पक्की. ठिगळ पाच सेकंदांत लागतं, पण चालकाने जोरात वळण घेतलं की सुटतं. आता डागडुजीवाला ओरडतो, "ठिगळ आहे रे, हळू वळव!" आणि चालकाला त्याचं ऐकावं लागतं.

ठिगळाची प्रेरणा अपोलो १३ ची. १९७० च्या एप्रिलमध्ये चंद्राकडे जाताना ऑक्सिजनची टाकी फुटली आणि तिघांना चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात आसरा घ्यावा लागला. तिथे श्वासातला कार्बन डायऑक्साइड वाढायला लागला. मुख्य यानातले फिल्टर चौकोनी, छोट्या यानातली जागा गोल. जमिनीवरच्या इंजिनियरांनी प्लास्टिकची पिशवी, पुठ्ठा आणि चिकटपट्टी वापरून जोडणी शोधली, रेडिओवरून समजावली आणि अंतराळवीरांनी ती बनवली. तिघेही सुखरूप परतले. जगातला सर्वांत भारी जुगाड म्हणा हवं तर.

मोबाइलचे स्वतःचे प्रश्न

मोबाइलवर खेळताना आणखी एक संकट येतं, जे कुठल्याच उल्केपेक्षा मोठं आहे: घरून फोन. ऐन आगीत डागडुजीवाल्याला आईचा फोन आला की जहाज गेलंच. म्हणून काम माणसाला चिकटवू नका, खुर्चीला चिकटवा. खेळाडू बाहेर गेला की खुर्ची रिकामी दिसते आणि दुसऱ्याला त्यात बसता येतं.

दुसरं, सगळे हिशोब एकाच मोबाइलवर होऊ द्या, ज्याचा हॉटस्पॉट आहे त्याच्यावर. बाकीच्यांनी फक्त 'मी हे बटण दाबलं' एवढं कळवायचं. प्रत्येक मोबाइल वेगळा हिशोब करायला लागला तर एकाच्या स्क्रीनवर आग विझलेली आणि दुसऱ्याच्या स्क्रीनवर पेटलेली दिसते. सहा खोल्या, चार आकडे म्हणजे २४ आकडेच पाठवायचे आहेत, स्वस्तातल्या फोनलाही जड जात नाही.

तिसरं, फक्त लाल-हिरव्या रंगावर विसंबू नका. अनेकांना या दोन रंगांतला फरक ओळखता येत नाही. आगीला चिन्ह द्या, भोकाला वेगळा आवाज द्या, फोन थरथरवा.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर

आधी कोड लिहू नका. वहीच्या पानावर सहा खोल्या काढा. प्रत्येक खोलीत दहा सोयाबीनचे दाणे ठेवा, ती हवा. आगपेटीची काडी म्हणजे आग, बटण म्हणजे माणूस. फासा टाकून ठरवा दगड कुठल्या खोलीवर पडला. दर फेरीला भोकाच्या खोलीतून दोन दाणे काढा, उघड्या दारातून एक सरकवा. अर्ध्या तासात कळेल की तुमच्या जहाजात मजा आहे की नाही. माझे बरेच नियम याच दाण्यांवर मोडले आणि सुधारले.

मग गोडो इंजिन वापरा. ते मोफत आणि मुक्त आहे आणि त्याचा एडिटर अँड्रॉइडवरही चालतो, म्हणजे लॅपटॉप नसला तरी शिकायला अडत नाही. मित्रांना खेळायला द्या आणि तुम्ही स्वतः गप्प बसा. कोण किती वेळ स्क्रीनकडे न बघता बसलंय ते घड्याळ लावून लिहा. तुमच्या गेमचा खरा हेल्थ बार तोच.

गेल्या महिन्यात आम्ही चौघं पुन्हा बसलो. मावसबहीण चुलीवर होती, मी डागडुजीला. परसात मोठं भोक पडलं आणि मी आत धावलो. मला वाटलं ठिगळ लागेल. गच्चीवरून भाऊ ओरडला की आणखी एक दगड परसावरच येतोय. दार उघडं होतं, न्हाणीची हवा खाली येत होती.

ती म्हणाली, "दादा, किती सेकंद?"

मी म्हणालो, "चार. थांब, होतंय."

तिने दोन मोजले आणि दार लावलं. मी आत राहिलो. जहाज वाचलं, ते तिघं पोचले. स्क्रीनवर माझं नाव आलं, दोन सेकंद शांतता झाली. मग तिने मोबाइल खाली न ठेवता माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "परत खेळायचं? या वेळी तू चुलीवर बस, मी आत जाते."